काळोबाचं माप

ब्रेकबाई जिना चढून गच्चीवर आली आणि पाहते तर काय, दुर्बीण उभी! वरचं कापड काढलेलं, तिन्ही पाय पसरलेले, नळीचं तोंड आभाळाकडे. शेजारी स्टुलावर तो मेला रेडिओ, रेडिओला टेकून आवाज टिपायचं काळं चपटं यंत्र. आणि ह्या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, चाकांच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन तिची आई.

"बाबा!" ती अशी काही ओरडली की समोरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई चिमटा तोंडात धरून जागच्या जागी थांबली.

बाबा दुर्बिणीमागून बाहेर आले. हातात बारीकसा स्क्रू-ड्रायव्हर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हातात तेवढं काहीतरी असलं की त्यांना धीर यायचा. "अगं, हळू," ते म्हणाले. "आधी बस तरी."

"बसायला नाही आले मी! आईला न्यायला आलेय. काल फोनवर काय सांगितलं होतं? तिचे कपडे भरून ठेवा, औषधं काढून ठेवा. तुम्ही काय केलंत? तिला ह्या थंडीत गच्चीवर आणून बसवलंत! त्याच जागेवर! काही लाजबीज आहे की नाही?"

ब्रेकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि शिकणाऱ्यानं जरा वाकडंतिकडं केलं की ती तो असा दाबायची की शेजारच्याचं कपाळ स्टीअरिंगवर आपटायचं तेवढं राहायचं. पोरांनी मागून ठेवलेलं नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते मनातून आवडलंही होतं. ओरडणं हा तिचा धंदाच होता. पण आज ती ओरडत होती ते धंद्यापायी नव्हे. आज ती खरोखर पेटली होती.

आता हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी चालला होता तो काळोबा कोण, ते सांगायला हवं. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये दगडांचा एक पट्टा सूर्याभोवती फिरत असतो. लहानमोठे लाखो दगड. त्यातला हा एक. शास्त्रज्ञांनी त्याला रीतसर नाव दिलंय, क्रमांकही दिलाय, पण ह्या घरात आईनं त्याचं बारसं काळोबा म्हणून केलं, कारण तो काळाकुट्ट. नुकत्याच डांबर ओतलेल्या रस्त्यासारखा. सूर्याचा जेवढा उजेड अंगावर पडतो तो जवळजवळ सगळा गिळून बसतो. त्यामुळे घरातल्या दुर्बिणीतून तो दिसायचा म्हणजे नावच नको. मग त्याला गाठायचं कसं? तर हा दगड कधीतरी एखाद्या ताऱ्याच्या पुढून जातो. तेवढे काही क्षण तारा विझतो आणि मग पुन्हा लागतो. कुणीतरी मधून गेलं, एवढंच काय ते कळतं.

एकट्यानं बघून उपयोग नसतो. हौशी लोकांचा एक गट होता, गावोगावच्या गच्च्यांवर विखुरलेला. प्रत्येकानं आपल्या जागेवरून तारा कधी विझला, कधी लागला, ते टिपायचं. एकेकाच्या वेळेतून दगडाची एकेक पट्टी मिळते, आणि पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की दगडाचा आकार हाती येतो. गटाचा म्होरक्या एक निवृत्त नकाशे काढणारा होता, सगळे त्याला कप्तान म्हणायचे.

ह्या गच्चीवरचं काम दोघांचं. बाबांचा डोळा दुर्बिणीला, आईचा हात रेडिओवर. रेडिओवर लावलेलं वेळ सांगणारं केंद्र दर सेकंदाला टिक् वाजवणार, यंत्र ते टिपणार, आणि त्या टिकटिकीवर बाबांनी दोनच शब्द बोलायचे. तारा विझला की 'गेला', लागला की 'आला'. बाकी कसलाही आवाज नको. शिंक नको, खोकला नको, खुर्ची करकरायला नको. यंत्र चालू झालं की ते बंद होईपर्यंत घरात कुणी ब्र काढायचा नाही. ब्रेकबाई लहान असताना एकदा नेमकी त्याच वेळी जिन्यात पडली. गुडघा फुटला, रक्त आलं, आणि ही पोरगी फ्रॉकचा कोपरा तोंडात कोंबून पायरीवर बसून राहिली. इतका तो नियम सगळ्यांच्या हाडीमासी मुरला होता.

आणि त्याच नियमानं गेल्या हिवाळ्यात घात केला. दिवे लागून थोडाच वेळ झाला होता. काळोबा येणार म्हणून बाबा दुर्बिणीला डोळा लावून बसलेले, शेजारी हाताच्या अंतरावर आई. यंत्र चालू झालं, आणि आईला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. आणि बाबा ताऱ्याकडे बघत होते! तारा गेला, तारा आला, त्यानंतरही नियमाप्रमाणे ते बघतच राहिले, कारण मोठ्या दगडाच्या मागेपुढे एखादा लहान असू शकतो. सगळं संपल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं, "जमलं गं!" म्हणत वळले, तेव्हा आई खुर्चीत कलंडलेली होती.

"जरा आधी आणलं असतं तर," असं डॉक्टर इस्पितळात म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून पुढच्या रोग्याकडे गेले. ब्रेकबाईच्या कानातून ते अर्धं वाक्य अजून गेलं नव्हतं. शिकाऊ पोरांवर ओरडतानासुद्धा मधेच ते आठवायचं आणि तिचा आवाज दुप्पट चढायचा.

आई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई. साऱ्या शहराला जोडून देणारा तिचा आवाज, खणखणीत आणि स्वच्छ. त्या आवाजाच्या बाईला आता एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागायचा. पाणी हवं की चहा, एवढं सांगताना घाम फुटायचा.

"अगं, तिलाच यायचं होतं वर," बाबा म्हणाले. "तिनंच हट्ट धरला."

"तिनं हट्ट धरला? कुठल्या तोंडानं धरला? तिला बोलता येतंय का? बाबा, निदान खोटं तरी पचेल असं बोला! तुम्हाला हा दगड पुन्हा एकदा हवाय, एवढंच ना? एकदा बायको अर्धी घालवलीत, आता उरलेली अर्धी द्यायचीय का त्याला?"

बाबा हातातला स्क्रू-ड्रायव्हर बोटांत फिरवत राहिले. गेलं वर्षभर ते असेच होते. लेक वाटेल ते बोलायची आणि ते खाली मान घालून ऐकायचे. त्यानं तिचं डोकं आणखीच फिरायचं. भांडायला समोरचा माणूस उभा तरी राहायला हवा ना!

तिनं तावातावानं रेडिओची वायर उपटली. आईनं डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली.

"नको घाबरू आई," ब्रेकबाई म्हणाली. "मी आलेय ना. आता हे बंद. खोली तयार आहे तुझी, खिडकीशी पलंग लावलाय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. दिवसभर सोबतीला एक बाईही ठरवलीय. ह्या माणसाच्या भरवशावर तुला एक दिवस ठेवायची नाही मी."

आईनं पुन्हा मूठ आपटली. इतक्यात बाबांचा फोन वाजला. पडद्यावर कप्तानचं नाव. बाबा पुढे होण्याआधीच ब्रेकबाईनं तो झडप घालून उचलला.

"कोण, लेक का?" कप्तानचा आवाज आनंदानं फुललेला. "वा वा! बाबांना सांगा, आभाळ स्वच्छ आहे सगळीकडे. पुन्हा तुमच्याच गच्चीवरून जातोय पठ्ठ्या, असं दुसऱ्यांदा कुणाच्या नशिबी येत नाही. आणि ह्या वेळी ढगांची भीती नाही."

"ह्या वेळी म्हणजे?"

"मागल्या वेळी ढगांनीच दावा साधला ना तुमच्याकडे! वरच्या पट्ट्या मिळाल्या, खालच्या मिळाल्या, आणि ऐन मधली तेवढी रिकामी. हा एक दगड आहे की दोन, तेच ठरेना. वर्षभर ते चित्र भिंतीवर लावून ठेवलंय मी, मधे भोक पडलेलं. बरं, ठेवतो, घाई आहे."

ब्रेकबाई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. त्या संध्याकाळी ती सिग्नल तोडत इस्पितळात पोचली होती. फाटकाशी गाडी लावताना तिनं देवाला शिव्या घालायला म्हणून वर पाहिलं होतं, आणि आभाळात ढगाचं पुसट बोटसुद्धा नव्हतं.

"ढग होते, बाबा?"

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. पुन्हा बाहेर काढला.

"नव्हते," ते म्हणाले. "माप मिळालं होतं. चांगलं मिळालं होतं. यंत्र माझ्या खिशात होतं, इस्पितळात. डॉक्टर ते बोलून गेले आणि मी बाहेर बाकावर बसलो. मला ते अंगाशी ठेववेना. बटण दाबलं आणि पुसून टाकलं. कप्तानला सांगितलं ढग होते."

वर्षभरात पहिल्यांदा ब्रेकबाईचा पारा जरा उतरला. म्हणजे ह्या माणसाला काहीतरी वाटलं होतं. निदान त्या दगडाचं माप मिरवत तो गावभर हिंडला नव्हता. "बरं केलंत," ती म्हणाली. "एवढं एक तरी बरं केलंत."

धाडकन आवाज झाला. आईनं डाव्या हातानं स्टुलावरचा पाण्याचा तांब्या उडवून दिला होता. तांब्या गच्चीभर गडगडत गेला. पाणी बाबांच्या पायांवर.

"ब-रं?" आई म्हणाली.

तिचा चेहरा बघून ब्रेकबाईला दोन पावलं मागं सरकावंसं वाटलं. तोंडाची उजवी बाजू लोंबलेली, पण डावी बाजू, डावा डोळा, गळ्याच्या शिरा, सगळं रागानं तटतटलेलं. लहानपणी ब्रेकबाई खोटं बोलताना पकडली गेली की आई अशी दिसायची.

"आई, काय झालं?"

"माझं," आई म्हणाली. श्वास घेतला. "माझं... होतं."

"काय तुझं होतं?"

"माप." तिनं मुठीनं स्वतःच्या छातीवर ठोकलं. "मी... गप्प. मुद्दाम."

हे कळायला ब्रेकबाईला वेळ लागला, आणि कळल्यावर पटायला त्याहून जास्त. आई तुटक तुटक सांगत गेली, बाबा मधे शब्द पुरवायला गेले की ती त्यांना हातानं झिडकारायची आणि स्वतःच शोधायची. आधी हात गेला होता. बोटांतून रेडिओ सुटून मांडीवर आला. आपल्याला काय होतंय ते तिला नीट कळलं होतं, तिची थोरली बहीण अशीच गेली होती. डावा हात चालत होता. नुसता बाजूला टाकला असता तरी बाबांच्या गुडघ्याला लागला असता. पण यंत्र चालू होतं. काळोबा येत होता. दुसरे लोक चकचकीत दगडांमागे धावायचे, हिनं ह्या काळ्याचा ध्यास घेतलेला. कितीदा आभाळ दाटून आलं होतं, कितीदा त्याची सावली दुसऱ्याच गावावरून निघून गेली होती. तिनं ठरवलं, आधी हे होऊ दे.

"अक्कल गहाण ठेवली होतीस का?" ब्रेकबाई किंचाळली. आता बाबा बाजूलाच राहिले, सगळा राग आईकडे वळला. "एका दगडासाठी? असला कसला हा हट्ट! आम्ही कुणी नव्हतो का तुझे? मी नव्हते?"

"अक्कल," आई म्हणाली, "माझीच... होती."

"आणि हात? पाय? तोंड?"

"तेपण... माझे." तिनं बाबांकडे बोट दाखवलं. "मी दिले. ह्यांनी... पुसलं."

समोरची बाई कपडे घेऊन कधीच आत गेली होती.

बाबांनी ओल्या चपला काढल्या आणि हळू आवाजात उरलेलं सांगितलं. चार दिवसांपूर्वी कप्तानचा फोन आला, तो त्यांनी मोठ्या आवाजात लावला होता. ढगांची गोष्ट आईनं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. वर्षभर ती समजून होती की आपलं माप पोचलंय, चित्रात बसलंय. त्या दिवसापासून ती त्यांच्या हातचा घास घेत नव्हती. ताट ढकलायची आणि डाव्या हातानं सांडत-लवंडत स्वतः खायची. आणि रोज गच्चीकडे बोट दाखवायची.

"बरं, मग आता काय?" ब्रेकबाई म्हणाली. "पुन्हा हे डोळा लावणार आणि तू रेडिओ धरणार?"

"माझ्यानं नाही होणार," बाबा म्हणाले. "मी परवापासून करून बघतोय. डोळा ठरत नाही आता. सारखी मान हिच्याकडे वळते."

"मी," आई म्हणाली. "बघणार... मी."

"तुला 'गेला' म्हणायला किती वेळ लागेल, आई? तोवर तारा घरी जाऊन जेवून येईल!"

आईच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं, पण राग काही गेला नाही. तिनं शालीखालून एक स्टीलचं झाकण आणि चमचा काढला. झाकण मांडीवर ठेवून चमच्यानं ठोकलं, टण्. विझला की एक ठोका, लागला की एक. तिनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

ब्रेकबाईनं कपाळावर हात मारला. खरं तर तिथल्या तिथे खुर्ची ओढत न्यावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण त्या मांडीवरच्या झाकणाकडे बघून तिचे हात काही पुढे झाले नाहीत. "ठीक आहे," ती गुरगुरली. "हे उरका. पण झालं की ताबडतोब निघायचं, ऐकतेस का?"

आई दुर्बिणीकडे बघत होती.

मग भराभर कामं झाली. ब्रेकबाईनंच वायर पुन्हा लावली, पुटपुटत. समोरच्या बाईला हाक मारून गच्चीवरचा दिवा मालवायला लावला. बाबांनी दुर्बिणीचे पाय खाली घेतले आणि खुर्ची सरकवत सरकवत आईचा डोळा बरोबर भिंगाशी आणला. आईनं एकदा मान मागं घेतली, पुन्हा लावली, आणि तारा सापडल्यावर घशातून हुंकार दिला. अंधार दाटला. थंडी वाढली. बाबांनी रेडिओ लावला, टिक्, टिक्, टिक्, आणि यंत्राचं बटण दाबलं.

आता कुणी ब्र काढायचा नाही.

ब्रेकबाई आईच्या उजव्या बाजूला, लुळ्या हाताशी बसली. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की आपण आभाळाकडे बघायचंच नाही, आईकडे बघायचं. पलीकडे बाबाही तेच करत होते. दोघांमध्ये आई, आणि तिचं कुणाकडेच लक्ष नाही. ब्रेकबाईच्या मनात आलं, आत्ता एक आरोळी ठोकावी. सगळं मापबीप धुळीला मिळेल. वर्षभराचा राग ह्या एका आरोळीत निघून जाईल. तिनं दात आवळून धरले.

टण्.

गेला. बाबांचे ओठ नुसते हलले. ब्रेकबाई वाट बघत राहिली. टिक्, टिक्, टिक्.

टण्.

आला. झालं, सुटलो! तिनं श्वास सोडला. आणि तेवढ्यात आईचा हात पुन्हा हलला.

टण्.

दोनच ठोके ठरले होते. विझणं एक, लागणं एक. हा तिसरा कसला? हात आपोआप उडतोय का? पुन्हा झटका? तिनं आईच्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं, अंधारात नीट कळेना. डोळ्यातून पाणी ओघळत होतं, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. बाबा अर्धवट उठले होते. जरा आधी आणलं असतं तर! ब्रेकबाईनं तोंड उघडलं, "आ..." इतकं घशाशी आलं.

आईनं डोळा न हलवता चमचा तिच्यावर रोखला. लहान पोरीला दटावावं तसा. गप्प!

ब्रेकबाई गप्प बसली. ती जन्मात कुणासमोर बसली नसेल इतकी गप्प बसली.

चमचा परत झाकणाकडे गेला. टण्.

त्यानंतर टिकटिक चालूच राहिली. आई हलली नाही. नियमाप्रमाणे ती बघत राहिली, शेवटपर्यंत. मग तिनं मान मागं घेतली आणि बाबांकडे बघून बोट हलवलं. बाबांनी यंत्र बंद केलं.

"दोन," आई म्हणाली. घामाघूम झाली होती. "दोन... दगड. मधे... फट."

म्हणजे तारा विझला, दोन दगडांच्या मधल्या फटीतून क्षणभर दिसला, आणि पुन्हा विझला. मागल्या वेळी एक दगड दुसऱ्याच्या आड असणार, म्हणून तो एकदाच विझला होता. बाबांना ते ब्रेकबाईच्या आधी कळलं. ते मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले, लहान मुलासारखे, नाक पुसत, हसत. मग घाईघाईनं त्यांनी कप्तानला फोन लावला. "चार ठोके! हो, चार! नाही हो, मी नाही, तिनं! तिनं बघितलं!" पलीकडे कप्तान इतका ओरडत होता की शब्द ऐकू येत नव्हते. बाबांनी तिथल्या तिथे, आईच्या समोर, यंत्र फोनला जोडून ते टिपलेलं सगळं पाठवून दिलं आणि गेल्याची खूण पडद्यावर दिसल्यावर फोन तिच्यापुढे धरला. आईनं ती खूण नीट निरखून पाहिली. मान हलवली.

"आता जेवशील ना माझ्या हातचं?" बाबा म्हणाले.

आई ब्रेकबाईकडे वळली. "चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या... घरी."

ब्रेकबाई त्याचसाठी आली होती. खोली, पलंग, दांडा, बाई, सगळी जय्यत तयारी. पण बाबांचं तोंड बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं. "अगं, पण आता पाठवलं ना त्यांनी? तुझ्यासमोर पाठवलं."

"हो."

"मग?"

आई शब्द शोधत राहिली. कुणी मदतीला आलं नाही, तिनं येऊ दिलं नसतं. "मला... विचारलं नाही." मग लेकीकडे रोखून बघत, "तू पण... नाही."

ब्रेकबाईचे कान तापले. वर्षभर ती ह्या बाईच्या वतीनं भांडली होती. डॉक्टरांशी, बापाशी, देवाशी. आणि खुद्द बाईला एकदाही विचारलं नव्हतं, की तुझा राग कुणावर आहे. पलंगसुद्धा खिडकीशी लावून मोकळी झाली होती.

"आता विचारते," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "यायचंय तुला माझ्याकडे?"

"हो." आईनं बाबांकडे पाहिलं. "ह्यांचा... राग. फार... राग आहे."

"किती दिवस जातेयस?" बाबांनी विचारलं.

"माहीत... नाही."

बाबा उभे राहिले. मग ते खाली जाऊन आईच्या कपड्यांची पिशवी आणि औषधं घेऊन गाडीत ठेवून आले. आईसकट खुर्ची जिन्यावरून उतरत नव्हती, आणि आईला उचलायची सवय एकट्या बाबांना होती. ब्रेकबाईच्यानं ते झालं नसतं.

"उचला," आई म्हणाली.

बाबांनी तिला उचललं. ब्रेकबाई पुढे, हातातल्या फोनचा उजेड पायऱ्यांवर टाकत, आणि मागून बाबा, एकेक पायरी चाचपत. वळणावर ते दम खायला थांबले. आईचा डावा हात त्यांच्या मानेभोवती होता, तिथे तो असायलाच हवा होता, नाहीतर तोल गेला असता.

रस्त्यावर गाडी उभी होती, टपावर शिकाऊ गाडीची मोठी पाटी लावलेली. बाबांनी आईला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, शाल गुडघ्यांखाली खोचली. "सकाळची गोळी ती थुंकते," ते ब्रेकबाईला म्हणाले. "केळ्यात घालून द्यायची. आणि उशी उजवीकडे, जरा उंच. आणि रात्री पाय चोळायला लागतात, नाहीतर गोळा येतो."

"बघते मी सगळं," ब्रेकबाई म्हणाली. तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं.

आई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. "दार," ती म्हणाली.

बाबांनी दार दोन्ही हातांनी अगदी हळू लोटलं. ते नुसतं टेकलं. ब्रेकबाईनं गाडी सुरू केली, समोर दार उघडं असल्याचा लाल दिवा लागला.

"नीट लागलं नाही, बाबा," ती म्हणाली. "जोरात लावा."

बाबांनी दार पुन्हा उघडलं आणि जोरात लावलं.